पहिला घोट कोणी दिला?

वस्तीत एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पिऊन आला की दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर एकच वाक्य ऐकू येते, "संगतीनं बिघडला हो पोरगा!" आई तेच म्हणते, मामा तेच म्हणतो, शाळेतले गुरुजीही तेच म्हणतात. त्या मुलाच्या मित्राच्या घरी जाऊन विचारावे, तर तिथेही हेच उत्तर मिळते. फक्त तिथे बिघडवणारा म्हणून आपल्या मुलाचे नाव घेतले जाते. म्हणजे प्रत्येकाचा मुलगा चांगला आणि प्रत्येकाची संगत वाईट! मग ही वाईट संगत काय आकाशातून पडते?

ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण, आंबिवली या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये आम्ही जे पाहतो आणि ऐकतो, त्यावरून आमचे मत असे झाले आहे की मित्राने ग्लास पुढे केला ही या गोष्टीची अखेर असते, सुरुवात नव्हे. त्या ग्लासापर्यंतची वाट आधीच तयार झालेली असते आणि ती तयार करणारे हात मोठ्या माणसांचे असतात. हे ऐकायला कडू आहे. पण यातच आशाही आहे. जी वाट आपण घातली, ती आपल्यालाच बंद करता येईल.

"सगळेच पितात" हे खोटे आहे

प्रथम एक गैरसमज दूर करू. या वयातल्या मुलाला विचारले तर तो बेधडक सांगतो, "काका, आजकाल सगळेच पितात." त्याचा त्यावर खरोखर विश्वास असतो. वस्तुस्थिती काय आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करून घेतली आणि २०१९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार १० ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी दारू घेणाऱ्यांचे प्रमाण १.३ टक्के होते. घरी येऊन विचारल्यावर सगळीच मुले खरे सांगत नाहीत, हे आम्हालाही कळते. म्हणून हा आकडा तिप्पट धरा. तरीही शंभरातली शहाण्णव मुले पीत नाहीत असेच निघते!

पण त्याच अहवालातला दुसरा आकडा झोप उडवणारा आहे. १८ ते ७५ या वयात हेच प्रमाण १७.१ टक्क्यांवर जाते. १० ते ७५ वयाच्या पुरुषांचा वेगळा हिशोब केला तर ते २७.३ टक्के आहे. म्हणजे न पिणारा मुलगा पिणारा पुरुष होतो, तो बहुधा याच उंबरठ्यावर. दहावीचा निकाल, अकरावीचा प्रवेश, आयटीआय, पहिली नोकरी, पहिला पगार, सगळे याच तीन-चार वर्षांत येते. आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्या घरांत एका मुलाची ही चार वर्षे वाया गेली, तर त्याच्या आईबापांनी वीस वर्षे केलेले कष्ट वाया जातात.

घरातली शाळा

दारूची पहिली शिकवणी घरातच सुरू होते. "जा रे, पटकन सोडा घेऊन ये," "फ्रिजमधलं थंड पाणी दे," "उरलेल्या पैशांचा चकणा आण." आठ-दहा वर्षांचा मुलगा हे काम आनंदाने करतो, कारण सुटे पैसे त्याच्याकडे राहतात. क्वार्टर कोणत्या दुकानात मिळते, दुकानदार कागदात कशी गुंडाळून देतो, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ होते. मग एखाद्या रविवारी बापाचा मित्र हसत हसत बोट बुडवून त्याच्या जिभेला लावतो, "बघ, मर्द आहे का!" सगळे हसतात. आम्ही विचारतो, पहिला घोट कोणी दिला?

बाप रोज पितो त्या घरातली मुले दोन वाटांनी जातात. काही मुलांना त्या वासाचाच तिटकारा येतो आणि ती आयुष्यभर थेंबाला शिवत नाहीत. काहींच्या मनावर मात्र वेगळेच ठसते. दमलो की प्यायची, रागावलो की प्यायची, कोणी मेले की प्यायची, मुलगा झाला तरी प्यायची! दुःखाला आणि सुखाला एकच औषध त्यांनी पाहिलेले असते. अशा घरात आई, आजी किंवा एखादी मोठी बहीण मुलाशी रोज बोलते, त्याची शाळा सुटू देत नाही, तिथे मुलगा बहुधा तरून जातो. आई मारामारी आणि उसनवारीतच खचून गेली असेल, तर त्याला धरून ठेवणारे कोणी उरत नाही.

बाप का पितो, यालाही कारणे आहेत. कल्याणजवळच्या मोहोन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांच्या घरांत अंधार झाला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवलीच्या एमआयडीसीत कायम कामगार होते, तिथे कंत्राटी आले. पीएफ, ग्रॅच्युइटी, युनियन सगळे गेले. ज्याचा शब्द घरात चालत होता तो माणूस वॉचमनची बारा तासांची ड्युटी करू लागला. त्याच्या मनाची पडझड आम्ही समजू शकतो. पण बापाचे दुःख खरे असले, तरी ते मुलाने बाटलीतून वारसाहक्काने घ्यावे असे नाही.

रिकामे घर

कल्याणहून सीएसएमटी ५४ किलोमीटर. आई भांडुपला किंवा मुलुंडला घरकामाला, बाप फोर्टात नाहीतर भिवंडीच्या गोदामात. सकाळी अंधारात निघालेली माणसे रात्री नऊ-दहाला परततात. शाळा किंवा ज्युनियर कॉलेज दुपारी सुटते. मधले सात-आठ तास घर मुलाच्या ताब्यात. खोली दहा बाय बाराची. वर पत्रा. उन्हाळ्यात आत बसवत नाही. मग मुलगा कट्ट्यावर जातो. कट्ट्यावर सगळेच वाईट नसतात, पण तिथे वयाचे बंधन नसते. चौदा वर्षांचा मुलगा बावीस वर्षांच्या बेकार दादाच्या शेजारी बसतो. तो दादा त्याला 'भाई' म्हणून हाक मारतो, बाईकवर मागे बसवतो, मान देतो. घरी ज्याला दिवसभरात कोणी नावाने हाक मारलेली नसते, त्याला ही हाक फार गोड लागते. त्या बदल्यात संध्याकाळी "बसायला चल" म्हटले, तर तो नाही कसा म्हणणार?

आम्ही आईबापांना दोष देत नाही. ते चैनीला गेलेले नसतात, भाकरीला गेलेले असतात. पण मुलगा दिवसभर कोणाबरोबर असतो, त्याच्या तीन मित्रांची नावे काय, त्यांची घरे कुठे, एवढे प्रत्येक आईबापाला ठाऊक असलेच पाहिजे. त्यासाठी सुट्टी काढावी लागत नाही.

खिशातला पहिला पैसा

दहावीत एक-दोन विषय राहिलेला मुलगा हल्ली रिकामा बसत नाही. मंडप डेकोरेशन, केटरिंगमध्ये वाढपी, डीजेच्या गाडीवर वायरी ओढणे, टेम्पोवर हमाली, पार्सल पोचवणे, कामे पुष्कळ आहेत. काम रात्रीचे, मजुरी रोख, हाती देणारा वयाने मोठा. काही ठेकेदार काम संपल्यावर मजुरीबरोबर एक क्वार्टरही टेकवतात, "घे, दमला असशील." दमलेल्या अंगाला दारू हे औषध आहे, हा धडा तिथे पक्का होतो. खरे तर दारूने थकवा जात नाही, फक्त तो कळेनासा होतो. दारू झोपेची नासाडी करते आणि सकाळी उरलेल्या थकव्याबरोबर डोकेदुखीही उभी राहते.

मुलगा कमावू लागला की घरातही त्याला बोलायला सगळे कचरतात. "स्वतःच्या पैशांची पितो, काय बोलणार?" असे एका माउलीने आम्हाला विचारले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी महिलांना उपदेश केला होता, त्याची आठवण इथे होते. मुलांना शाळेत घाला, हे सांगतानाच दारू पिणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, असेही त्यांनी बजावले होते. नवरा आणि मुलगा, दोघांनाही! त्या अडाणी, अनवाणी बायकांना जे सांगता आले, ते आज शिकलेल्या आईला पोटच्या मुलासमोर बोलता येऊ नये काय? उपाशी ठेवा असे आम्ही म्हणत नाही. पण ताठ उभे राहून "हे या घरात चालणार नाही" एवढे म्हणा.

हळद, मिरवणूक आणि थर्टी फर्स्ट

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. बहुतेक मुलांचा पहिला पूर्ण ग्लास लपूनछपून नव्हे, समारंभात होतो.

ठाणे-कल्याण भागात लग्नापेक्षा हळद मोठी झाली आहे. आपला बौद्ध विवाहविधी किती साधा! पांढरी वस्त्रे, वंदना, वधूवरांच्या प्रतिज्ञा आणि आशीर्वाद. अर्ध्या तासात मंगल कार्य होते. पण आदल्या रात्रीच्या हळदीला डीजे हवा, मटण हवे आणि मंडपामागे 'सोय' हवी. नवरदेवाचे वडील कर्ज काढून ही सोय करतात, कारण केली नाही तर भावकी नाव ठेवते. त्या सोयीवर देखरेख कोणाची? पंधरा-सोळा वर्षांच्या चुलतभावांची! खोकी उतरवायची त्यांनी, बर्फ आणायचा त्यांनी, ग्लास भरायचे त्यांनी. रात्री बारानंतर उरलेले कोण पितो, हे कोणी विचारत नाही.

भीमजयंतीचे बोलताना आमची लेखणी जड होते. वर्षभर पै-पै साठवून जयंती करणारी, व्याख्यानमाला घेणारी, वह्या वाटणारी मंडळे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण १४ एप्रिलनंतर महिनाभर चालणाऱ्या मिरवणुकांत, डीजेच्या ट्रकमागे पोरे कशाच्या जोरावर नाचतात, हे आपण सगळे जाणतो आणि त्या दिवशी नेमके दुसरीकडे बघतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. विहारात लहान मूल हात जोडून ते शील म्हणते आणि संध्याकाळी तेच शील म्हणणाऱ्या काकांना झुलताना पाहते. मुलाला यातून एवढेच कळते की शील ही म्हणायची गोष्ट आहे, पाळायची नव्हे.

गटारी आणि थर्टी फर्स्ट या तर खास पिण्यासाठीच्या तारखा होऊन बसल्या आहेत. पावसाळ्यात येऊरच्या जंगलात, बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला, बारवी नदीच्या पात्रात जाणाऱ्या टोळक्यांतली मुले पिऊन पाण्यात उतरतात आणि आईच्या हाती प्रेत येते. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे ठाण्याच्या घोडबंदर रोड भागात पोलिसांनी पार्टीवर छापा घातला, तेव्हा ९० हून अधिक तरुण ताब्यात आले आणि तिथे दारूबरोबर अमली पदार्थही सापडले. बाटलीपासून सुरू झालेली वाट कुठवर जाते, हे यावरून कळावे.

पण याच मुलांचे दुसरे रूपही आम्ही पाहिले आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रभर उभे राहून पाणी वाटणारी, म्हाताऱ्यांना हात धरून रांगेत नेणारी, हरवलेली मुले शोधून देणारी पोरे कोण असतात? आपलीच! तीच वये, त्याच वस्त्या. त्या दिवशी त्यांना दारू आठवत नाही. कारण त्या दिवशी मोठ्यांनी त्यांच्यावर काम सोपवलेले असते आणि मोठे स्वतः शुद्धीवर असतात. वयाच्या उर्मीचे पुढे काय होते, हे मोठ्यांच्या वागण्यावर ठरते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

दुकान, टपरी आणि खाडी

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. देशी-विदेशी दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची, बिअरसाठी २१ वर्षांची. पण वाईन शॉपच्या जाळीतून हात आत गेला की वय कोण विचारतो? दुकानदाराने नकार दिला, तर दहा-वीस रुपये जादा घेऊन आणून देणारा बाहेर उभाच असतो. खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या लागतात, पोलीस आणि उत्पादन शुल्क खाते त्या उद्ध्वस्त करतात आणि चार दिवसांनी पुन्हा धूर दिसतो. अशा बेकायदा दारूत काय मिसळलेले असेल, याचा नेम नसतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या दारूत मिथेनॉल होते. मेलेले सगळे कष्टकरी.

वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक नसेल असा एक कायदा इथे सांगून ठेवतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ प्रमाणे मुलाचा वापर दारू विकायला, पुरवायला किंवा नेण्या-आणण्यासाठी करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. मुलाला बाटली आणायला पिटाळणाऱ्या बापांनी आणि मजुरीबरोबर क्वार्टर देणाऱ्या ठेकेदारांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

दारूची दुकाने कष्टकऱ्यांच्या वस्तीतच का वाढतात, हा प्रश्न जुना आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी १८८० मध्ये शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध अध्यक्षांना पत्र लिहिले होते. आज आपल्या हाती त्याहून मोठे साधन आहे. वॉर्डातल्या २५ टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. हीच ती 'आडवी बाटली'ची निवडणूक. उत्पादन शुल्क खात्याच्या कार्यालयात जाऊन नियम नीट समजून घ्या आणि अर्ज करा. महिला मंडळांनी हे काम हाती घ्यावे.

"बिअर म्हणजे काही दारू नव्हे"

आणखी एक भूल. जाहिरातीत सोडा दिसतो, नाव मात्र दारूचे. क्रिकेटच्या सामन्यात, सिनेमात, मोबाईलवरच्या मालिकांत ग्लास हातात असलेला तो नायक. मुलगा म्हणतो, "मी फक्त बिअर घेतो." हिशोब करू. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली आणि तिच्यात ८ टक्के अल्कोहोल असले, तर पोटात गेले ५२ मिलिलिटर. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगात ४२.८ टक्क्यांनी होते साधारण २६. म्हणजे बिअरची एक बाटली बरोबर दोन मोठे पेग!

वाढत्या वयात याचा परिणाम अधिक वाईट. मेंदूचा जो भाग "थांब, विचार कर" असे सांगतो, तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. तो तयार होण्याआधीच त्याला दारूत भिजवला, तर सवय लवकर जडते. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे आढळले की १५ वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे केव्हा ना केव्हा व्यसनाधीन झाले. विशीनंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणून 'आज ना उद्या पिणारच आहे' असे म्हणून हात झटकू नका. सुरुवात जितकी लांबेल, तितका धोका कमी होतो.

मनातली कारणे

सगळी मुले मौजेसाठी पीत नाहीत. कोणी नापास झालेला असतो, कोणाला कॉलेजात आडनावावरून टोमणा बसलेला असतो, कोणी प्रेमात हरलेला असतो, कोणी बापाचा मार खाऊन आलेला असतो. मुलाने रडायचे नाही, अशी आपली शिकवण. मग त्याने बोलायचे कोणाजवळ? बाटली ऐकून घेते, उलट बोलत नाही. मुलींमध्ये पिण्याचे प्रमाण फार कमी आहे, पण म्हणून त्यांच्या मनाचे प्रश्न कमी नाहीत. त्यांच्याकडेही लक्ष हवे.

आणि पिणे ही गरिबांचीच खोड आहे, हेही खरे नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये पार्टी करून निघाला होता, असे पोलिसांनी सांगितले. त्याला काही तासांत जामीन मिळाला, तेव्हा घातलेल्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता! पुढे देशभर ओरड झाली आणि तो आदेश बदलला. आमचा प्रश्न साधा आहे. आपल्या वस्तीतला मुलगा असता तर त्याच्या हाती निबंधाचा कागद आला असता काय? श्रीमंताचा मुलगा पडला तर खाली गादी असते. आपल्या मुलाखाली फरशी आहे.

एका देशाने करून दाखवले

युरोपातल्या आइसलँड या छोट्या देशात १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिन्यात एकदा तरी दारूच्या नशेत होती. २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी काय केले? केवळ भाषणे दिली नाहीत. खेळ, संगीत, नाच यांसाठी मुलांना पैसे आणि जागा दिल्या. रात्री उशिरा मुले एकटी बाहेर राहणार नाहीत असा नियम पाळला. आणि आईबापांनी एकत्र येऊन लेखी करार केले की आम्ही मुलांबरोबर वेळ घालवू, अल्पवयीन मुलांना पिऊ देणार नाही. एकट्या आईने "नको" म्हटले तर मुलगा म्हणतो, "बाकीच्यांच्या घरी चालतं." सगळ्या आयांनी मिळून म्हटले, तर ते वाक्यच संपते.

तो देश श्रीमंत आहे, हे खरे. पण विहार आपल्याकडेही आहे, समाजमंदिर आहे, आणि आईबापांचा करार करायला कागद आणि पेन पुरते. आम्ही पाच गोष्टी सुचवतो.

एक, हळदीत, बारशात, वाढदिवसात दारूची 'सोय' करायची नाही, असा ठराव वस्तीने विहारात बसून करावा. एकट्या यजमानावर भार टाकू नये. ठराव सगळ्यांचा असला की नाव ठेवणारे गप्प बसतात.

दोन, जयंती मंडळाने प्यायलेल्या माणसाला मिरवणुकीत नाचू देऊ नये, मग तो अध्यक्षाचा भाऊ असला तरी! शिस्तीचे काम १६ ते २० वयाच्या मुलांकडेच द्यावे.

तीन, विहार संध्याकाळी पाच ते नऊ अभ्यासिका म्हणून उघडा राहावा. पंखा, दिवा, पाणी आणि एक मोठा माणूस एवढे पुरे. शेजारी कबड्डीचे मैदान झाले तर सोन्याहून पिवळे.

चार, मुलाला दारूच्या किंवा चकण्याच्या कामाला कोणीही पाठवायचे नाही. ज्याला प्यायची आहे त्याने आपल्या पायाने जावे.

पाच, पिणाऱ्या बापाने निदान मुलाशी खरे बोलावे. "मी यात अडकलो, तू अडकू नकोस," हे बापाच्या तोंडचे वाक्य शंभर व्याख्यानांहून भारी आहे.

मुलगा पिऊ लागला असेल तर

पैसे कमी होणे, अचानक चिडचिड, वर्गातली गैरहजेरी, जुने मित्र तुटणे, घरी आल्यावर तोंड चुकवून थेट झोपणे, अशी लक्षणे दिसली तर डोळे उघडे ठेवा. त्याच रात्री भांडू नका. प्यायलेल्या माणसाशी झालेले बोलणे वाया जाते. दुसऱ्या दिवशी दार लावून, चहाचा कप पुढे ठेवून विचारा, "बाळा, काय झालंय?" आणि मग ऐका. मारलेला मुलगा कट्ट्यावर जातो, ऐकून घेतलेला घरी थांबतो.

सवय जडली असेल तर बुवाबाजी, अंगारे-धुपारे, कोणी सांगितलेली चोरून द्यायची पावडर या भानगडीत पडू नका. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४४६. मनाच्या प्रश्नांसाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६. मूल संकटात असेल तर १०९८. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याचे नाव ऐकून घाबरू नका. मनाचा डॉक्टर वेड्यांचाच असतो, ही समजूत आता सोडायला हवी. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यातच सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्तीचे काम करीत आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते. मुलाबरोबर बापही गेला, तर दोघेही सुधारतील.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला दारूचे सहा तोटे सांगितले होते. धन जाते, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव जाते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. अडीच हजार वर्षांत या यादीतले एकही कलम खोटे ठरले नाही. पण त्याच उपदेशात आईबापांची कर्तव्येही आहेत आणि त्यातले पहिले कर्तव्य मुलाला वाईटापासून दूर ठेवण्याचे आहे. तोटे आपण मुलांना पाठ करायला लावले. आपल्या वाट्याचे कर्तव्य मात्र संगतीवर ढकलून मोकळे झालो.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास जादा बसा. मुलांना बोलावू नका, मोठ्यांनीच बसा. आणि हा एकच प्रश्न एकमेकांना विचारा की आपल्या वस्तीत मुलांना पहिला घोट कोठे मिळतो? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ते एकदा मोठ्याने बोलले गेले पाहिजे.